मायक्रोवेव्ह चालतो, पण गरम करत नाही: दोष कुठे आणि कसा शोधायचा

दिवा लागतो, काचेची थाळी फिरते, पंखा चालतो, आकडे शून्यापर्यंत उतरतात आणि बीप वाजते. आतलं पाणी मात्र ठेवलं तेवढंच गार. ही तक्रार पहिल्यांदा बुचकळ्यात टाकते, पण शोधायला ती तशी सोपी आहे, कारण दिवा-पंखा-थाळी चालतात एवढ्यावरूनच अर्धं यंत्र धडधाकट असल्याचं कळतं. प्लग, मुख्य फ्यूज आणि बहुधा कंट्रोल पॅनलही शाबूत आहे. संशय घ्यायचा तो उरलेल्या सात-आठ भागांवर. त्यातला निम्मा संशय झाकण न उघडता, नुसत्या कानांनी दूर करता येतो.

झाकण उघडण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. मिक्सर, इस्त्री किंवा पंखा उघडण्याचा सराव असला तरी मायक्रोवेव्ह त्या रांगेत बसत नाही. आतला ट्रान्सफॉर्मर सुमारे २,००० व्होल्ट देतो, तेही माणूस जागीच मरेल इतक्या करंटसह. त्याच्या शेजारचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून राहू शकतो. म्हणून या लेखातली आतली प्रत्येक तपासणी प्लग काढून, कपॅसिटर डिस्चार्ज करून, फक्त मल्टिमीटरच्या ओहमच्या मापाने (डायोडपुरती ९ व्होल्टच्या बॅटरीच्या मदतीने) करायची आहे. चालू यंत्रात मीटरच्या पिना घालून व्होल्टेज मोजायचं काम इथे कुठेच नाही आणि तशी गरजही पडत नाही. हे वाचून धाकधूक वाटत असेल तर बाहेरून होणाऱ्या तपासण्या तेवढ्या करा आणि पुढचं मेकॅनिकवर सोपवा. तुम्ही त्याला नेमकी लक्षणं सांगू शकाल, हाही मोठाच फायदा.

आत काय घडतं, थोडक्यात

वीज प्लगमधून येते, फ्यूज, थर्मल कटआउट (जास्त तापलं की वीज तोडणारा भाग), दाराचे स्विच आणि रिले (पॅनलच्या आदेशाने चालू-बंद होणारा स्विच) ओलांडून ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोहोचते. इथपर्यंतचा भाग घरातल्या व्होल्टेजवर चालतो. ट्रान्सफॉर्मरच्या पुढे दोन वाटा निघतात. एका गुंडाळीतून मॅग्नेट्रॉनच्या (लहरी तयार करणाऱ्या भागाच्या) फिलामेंटला, म्हणजे त्याच्या आतल्या तापणाऱ्या तारेला, जेमतेम ३.३ व्होल्ट पण सुमारे १० अँपिअर मिळतात. दुसरीतून ते २,००० व्होल्ट बाहेर पडतात आणि कपॅसिटर व डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) मिळून त्यांचे जवळपास ४,००० व्होल्ट करतात. हा पुरवठा मिळाला की मॅग्नेट्रॉन २,४५० मेगाहर्ट्झच्या लहरी तयार करतो आणि अन्नातलं पाणी तापतं.

दिवा, पंखा आणि थाळीची मोटर यांच्याकडे जाणाऱ्या वाटा ट्रान्सफॉर्मरच्या आधीच फुटतात. म्हणून पुढचं सगळं बंद पडलं तरी त्या तिघांना पत्ता नसतो.

आधी खात्री: गरम होतच नाही, की कमी होतं?

"गरम होत नाही" असं म्हणणाऱ्या बऱ्याच यंत्रांत प्रत्यक्षात थोडंफार गरम होत असतं, आणि या दोन दोषांची कारणं वेगळी असतात. म्हणून मोजून बघा.

धातूची किनार नसलेल्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात बरोबर १ लिटर पाणी घ्या. तापमान खोलीइतकं किंवा थोडं कमी असावं. थर्मामीटरने मोजून लिहून ठेवा आणि थर्मामीटर बाहेर काढा. पूर्ण पॉवरवर ६२ सेकंद चालवा. लगेच पाणी ढवळून पुन्हा मोजा. जितके अंश सेल्सिअस वाढले त्याला ७० ने गुणा, की मायक्रोवेव्हची खरी ताकद वॅटमध्ये मिळते. २२ चे ३२ अंश झाले तर १० गुणिले ७०, म्हणजे ७०० वॅट.

हा आकडा पाठीमागच्या पट्टीवरच्या आउटपुट पॉवरशी ताडून बघा. त्याच पट्टीवर इनपुटचा आकडाही असतो आणि तो नेहमी बराच मोठा असतो. त्याच्याशी तुलना केली तर चांगलं यंत्रही नापास होईल. दहा-पंधरा टक्के कमी आलं तर चिंता नको. निम्म्याहून कमी आलं तर मॅग्नेट्रॉन थकलाय, फिलामेंटची जोडणी सैल झालीय किंवा पुरवठ्याचं व्होल्टेज पडलंय. पाणी एक अंशानेही हललं नाही तर पुढे वाचा.

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी

काही वेळा यंत्रात दोष नसतोच. पॉवर १० किंवा २० टक्क्यांवर राहिलेली असते. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या यंत्रात याचा अर्थ मॅग्नेट्रॉन थोडे सेकंद चालू आणि बराच वेळ बंद, त्यामुळे छोट्या वेळात पाणी गारच राहतं. ग्रिल-कन्व्हेक्शन असलेल्या यंत्रात भलताच मोड निवडलेला असतो. पदार्थ झाकण लावलेल्या धातूच्या भांड्यात असेल तर लहरी आत शिरतच नाहीत.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे डेमो मोड. दुकानात मांडून ठेवण्यासाठी दिलेल्या या सोयीत पॅनल सगळं करतं, आकडेही मोजतं, पण मॅग्नेट्रॉनला वीज जात नाही. नवं यंत्र पहिल्याच दिवशी गरम करत नसेल किंवा आकडे घड्याळापेक्षा भराभर उतरत असतील तर आधी हाच संशय घ्या. बाहेर पडायची बटणं प्रत्येक मॉडेलची निराळी असतात, ती माहितीपुस्तिकेत सापडतात.

लांब, बारीक तारेचं एक्स्टेंशन काढून यंत्र थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. भाराखाली व्होल्टेज पडलं की ट्रान्सफॉर्मरच्या यंत्राची ताकद लगेच घटते.

आता कान लावा

आत कपभर पाणी ठेवा. रिकामा मायक्रोवेव्ह कधीच चालवू नका, कारण लहरींना शोषणारं काही नसलं की त्या मॅग्नेट्रॉनकडेच परततात आणि तो तापतो. पूर्ण पॉवरवर सुरू करा आणि पहिली दहा सेकंदं लक्ष देऊन ऐका. चांगल्या यंत्रात आधी पंख्याचा आवाज येतो, रिलेची टक् ऐकू येते आणि दोन-तीन सेकंदांनी, फिलामेंट तापल्यावर, खर्जातली घरघर भरीव होते. बिघडलेल्या यंत्रात तीनपैकी एक प्रकार मिळतो.

घरघर नाहीच, नुसता पंखा: ट्रान्सफॉर्मरपर्यंत वीज पोहोचत नाही. दोष दाराचे स्विच, थर्मल कटआउट, रिले किंवा टायमरमध्ये.

जड, कण्हल्यासारखी गुरगुर आणि दिवा मंद: पुढे काहीतरी शॉर्ट आहे. डायोड पहिला, मग कपॅसिटर, मॅग्नेट्रॉन किंवा खुद्द ट्रान्सफॉर्मर. हा आवाज ओळखताच यंत्र बंद करा, पुन्हा पुन्हा चालवून बघू नका. तसं केल्याने डायोडबरोबर ट्रान्सफॉर्मरही जळतो.

हलकी घरघर आहे पण ती भरीव होत नाही: ट्रान्सफॉर्मर चालतोय, पुढची वाट कुठेतरी तुटलीय. उच्च व्होल्टेजचा फ्यूज, आतून तुटलेला डायोड, सुटलेली फिलामेंटची लग (तारेच्या टोकाला बसवलेली, पिनेवर चढणारी धातूची टोपी) किंवा मेलेला मॅग्नेट्रॉन.

प्लग आणि सॉकेटच्या मध्ये लावायचा वॅटमीटर मिळाला तर कानांवर फार विसंबावं लागत नाही. दिवा, पंखा आणि थाळी मिळून शंभर वॅटच्या आतच राहतात. चांगलं यंत्र पूर्ण पॉवरवर १,००० ते १,५०० वॅटपर्यंत घेतं. आकडा शंभराच्या आत अडकला तर पहिला प्रकार, त्याहून थोडा वर गेला पण हजाराच्या जवळपासही फिरकला नाही तर बहुधा तिसरा. या कामासाठी एकच उपकरण घ्यायचं झालं तर आम्ही हेच सुचवू, कारण ते वापरताना झाकणाला हातही लागत नाही.

झाकण उघडणं आणि कपॅसिटर डिस्चार्ज करणं

हा क्रम मोडू नका.

१. प्लग सॉकेटमधून काढा आणि डोळ्यांसमोर राहील असा ठेवा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही.

२. अंगठी, घड्याळ, कडं काढा. पाच मिनिटं थांबा. कपॅसिटरच्या आत सुमारे १० मेगाओहमचा रेझिस्टर असतो, तो ठीक असेल तर तेवढ्यात चार्ज निघून जातो. पण तो ठीक आहे असं धरून चालायचं नाही.

३. मागचे आणि बाजूचे स्क्रू काढून झाकण मागे सरकवत उचला. पत्र्याच्या कडा धारदार असतात. एखादा स्क्रू चांदणीच्या आकाराचा आणि मध्ये टोक असलेला निघतो. त्याला त्याच आकाराचा बिट लागतो.

४. ट्रान्सफॉर्मरशेजारी चपट्या अंड्याच्या आकाराचा, धातूच्या कवचाचा डबा दिसेल. वर दोन टोकं, अंगावर ०.७ ते १.२ मायक्रोफॅरडच्या दरम्यानचा आकडा आणि २,१०० व्होल्टच्या आसपासचं रेटिंग. हाच कपॅसिटर.

५. लांब दांड्याचा, चांगल्या इन्सुलेशनच्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर एका हातात धरा, दुसरा हात पाठीमागे ठेवा. आधी दोन्ही टोकं दांड्याने जोडा. मग प्रत्येक टोक यंत्राच्या उघड्या पत्र्याला जोडा. हे सगळं पुन्हा एकदा करा.

या वेळी कडाडून ठिणगी उडाली तर घाबरू नका, पण लक्षात ठेवा: आतला रेझिस्टर निकामी आहे. असा कपॅसिटर मापात बरोबर निघाला तरी बदला, म्हणजे पुढच्या वेळी हात घालणाऱ्याचा जीव धोक्यात येणार नाही.

आता फोटो काढा. प्रत्येक तारेचा, दोन बाजूंनी. दाराच्या स्विचची एक तार चुकीच्या पिनेवर गेली तरी पहिल्याच क्षणी फ्यूज उडतो.

घरघर नसेल तर: दाराचे स्विच

दाराच्या आकड्यांमागे (दार अडकवणाऱ्या हुकांमागे) प्लास्टिकच्या चौकटीत बहुतेक यंत्रांत तीन मायक्रोस्विच असतात. दोन दार लागलं की वीज पुढे सोडतात. तिसरा पहारेकरी असतो: आधीचा स्विच चिकटला आणि दार उघडूनही वीज चालू राहिली, तर हा मुद्दाम शॉर्ट करून मुख्य फ्यूज उडवतो. दार उघडण्याच्या क्षणीच फ्यूज जातो अशी तक्रार असेल तर दोष फ्यूजचा नसून या जोडगोळीचा असतो, आणि नुसता फ्यूज बदलून ती जात नाही.

एकेका स्विचच्या तारा काढून मीटर कंटिन्युइटीवर (वाट जोडलेली असली की बीप देणाऱ्या सोयीवर) लावा. कॉम (सामाईक) आणि एनओ (एरवी उघडी) या पिनांमध्ये कळ दाबली की बीप, सोडली की शांत. पहारेकरी स्विच कॉम-एनसीवर (एनसी म्हणजे एरवी जोडलेली) असतो, तिथे उलट: न दाबता बीप. बीपवर समाधान मानू नका, ओहमही वाचा. अर्ध्या ओहमच्या खाली स्थिर आकडा हवा. दोन-चार ओहम दिसले किंवा कळ हलवताना आकडा नाचला तर आतले पॉइंट जळलेत. मीटरचा चिमूटभर करंट त्यातून जातो, पण ट्रान्सफॉर्मरला लागणारे पाच-सात अँपिअर जात नाहीत. तपकिरी झालेलं प्लास्टिक किंवा सैल, काळपट लग ही याचीच खूण. एक स्विच असा निघाला तर तिन्ही बदला. त्यांनी दारं तितकीच मोजलेली असतात. नवे घेताना १६ अँपिअर, २५० व्होल्ट आणि पिनांची तीच जात बघून घ्या.

स्विच चांगले निघाले तर दाराचे आकडे बघा. आकडा झिजला किंवा त्याची स्प्रिंग निसटली की कळ पूर्ण दाबली जात नाही. दार हाताने जरा दाबून धरल्यावर यंत्र गरम करू लागत असेल तर उत्तर इथेच आहे. कळ दाबून ठेवायला कागदाची घडी घालणं किंवा स्विच तारेने जोडून टाकणं हे उपाय कुणी सुचवले तरी ऐकू नका. दार उघडं असताना लहरी सुरू राहिल्या तर सगळ्यांत आधी डोळ्यांना इजा होते.

यानंतर थर्मल कटआउट. नाण्याएवढा, दोन तारांचा हा भाग मॅग्नेट्रॉनच्या अंगावर किंवा आतल्या पोकळीच्या भिंतीवर असतो. काही मॉडेलमध्ये तो फक्त ट्रान्सफॉर्मरच्या वाटेवर असतो, म्हणून तो उघडला तरी दिवा-पंखा चालू राहतात. गार असताना त्याच्यातून बीप यायलाच हवी. आली नाही तर बदला, पण तो का तापला तेही शोधा: जाळ्या तेलकट धुळीने बुजल्यात, पंख्याचं पातं अडतंय किंवा यंत्र भिंतीला चिकटून ठेवलंय.

एवढं सगळं चांगलं असून घरघर नसेल तर रिले उरतो. सुरू करताना टक् ऐकू येत नसेल तर रिलेला आदेशच जात नाही; टक् येऊनही काही घडत नसेल तर त्याचे पॉइंट जळलेत किंवा बोर्डावरचा त्याचा टाका गोल चिरला गेलाय. टाका भिंगातून दिसतो आणि नव्याने झाळता येतो.

गुरगुर जड असेल तर: डायोड

डायोड म्हणजे कपॅसिटरच्या टोकापासून पत्र्यावरच्या स्क्रूपर्यंत जाणारी छोटी काळी नळी. एक टोक सोडवून ओहम मोजा. दोन्ही दिशांनी शून्याजवळ आकडा आला तर तो शॉर्ट आहे.

इथे नवशिके हमखास फसतात. चांगल्या डायोडवर साधा मीटर दोन्ही दिशांनी काहीच दाखवत नाही, कारण या डायोडमध्ये अनेक जंक्शन ओळीने बसवलेली असतात आणि मीटरचं व्होल्टेज त्यांना उघडायला पुरत नाही. म्हणजे चांगला आणि तुटलेला, दोन्ही सारखेच दिसतात. त्यासाठी ९ व्होल्टची ताजी बॅटरी घ्या. बॅटरीचं धन टोक डायोडच्या एका टोकाला, डायोडचं दुसरं टोक मीटरच्या लाल पिनेला, काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकाला, मीटर डीसी व्होल्टवर. मग डायोड उलटा करून पुन्हा. एका दिशेने काही व्होल्ट आणि दुसऱ्या दिशेने शून्य: चांगला. दोन्हीकडे शून्य: तुटलेला. दोन्हीकडे बॅटरीचे पूर्ण व्होल्ट: शॉर्ट.

नवा डायोड बसवताना पत्र्याला जाणारं टोक नेमकं तेच ठेवा. उलटा लावला तर यंत्र गरम करणार नाही. सहसा १२,००० व्होल्ट, ३५० मिलिअँपिअरचा डायोड लागतो. जुन्यावरचं रेटिंग बघून तेवढा किंवा त्याहून मोठा घ्या.

कपॅसिटरच्या तारा काढून दोन टोकांमध्ये ओहम मोजा. सुमारे १० मेगाओहम दिसावेत, शून्य दिसलं तर शॉर्ट. टोक आणि कवच यांमध्ये काहीच दिसता कामा नये. मीटरवर कपॅसिटन्सची सोय असेल तर छापील आकड्याच्या दहा टक्क्यांच्या आत हवं.

ट्रान्सफॉर्मर क्वचित जातो. घरच्या व्होल्टेजची गुंडाळी एखाद-दोन ओहमच्या आत, फिलामेंटची जवळपास शून्य, उच्च व्होल्टेजची साधारण ५० ते १५० ओहम पत्र्याच्या सापेक्ष. गुंडाळीच्या आतले वेढे एकमेकांना चिकटले तर हे आकडे फारसे हलत नाहीत, तेव्हा नाकावर भरवसा ठेवा: जळक्या वार्निशचा वास आणि काळवंडलेला कागद.

घरघर हलकी असेल तर: मॅग्नेट्रॉन आणि त्याच्या तारा

आधी मॅग्नेट्रॉनच्या दोन लग बघा. इथून १० अँपिअर जातात आणि व्होल्टेज फक्त ३.३ असतं, त्यामुळे जरासा ढिलेपणाही फिलामेंटला उपाशी ठेवतो. लग हाताने सहज निघत असेल तर पक्कडीने हलकेच आवळा. जांभळी-काळी पडली असेल तर कापून नवी, उष्णता सोसणारी लग दाबून बसवा. फक्त एवढ्यानेच पुन्हा चालू लागणारी यंत्रं कमी नाहीत, आणि लगकडे न बघताच मॅग्नेट्रॉन बदलला जातो याचं वाईट वाटतं.

काही मॉडेलमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरच्या मध्ये प्लास्टिकच्या नळीत उच्च व्होल्टेजचा फ्यूज असतो. तो गेला असेल तर नवा टाकण्याआधी डायोड, कपॅसिटर आणि मॅग्नेट्रॉन तिन्ही शॉर्टसाठी तपासा. त्याच्या जागी साधा फ्यूज किंवा तार चालत नाही.

मॅग्नेट्रॉनच्या दोन पिनांमध्ये एक ओहमपेक्षा कमी यायला हवं. काहीच आलं नाही तर फिलामेंट तुटलंय. पिन आणि कवच यांमध्ये काहीही आकडा आला तर तो शॉर्ट आहे. मात्र या दोन्ही चाचण्या पास झाला म्हणजे मॅग्नेट्रॉन चांगलाच, असं होत नाही. म्हातारा मॅग्नेट्रॉन मापात ठीक दिसतो आणि तापल्यावर ताकद गमावतो. पाण्याच्या चाचणीत पहिल्या मिनिटापेक्षा चौथ्या मिनिटाला वाढ खूप कमी मिळते. दर वेळी पाणी ताजं आणि गार घ्या. चुंबकाच्या चकतीला आडवी भेग दिसली तरी तो गेलाच समजा.

बदलताना ताकद, स्क्रूच्या भोकांची मांडणी, पिनांची दिशा आणि पंख्याची हवा ज्या बाजूने पात्यांमधून जाते ती बाजू जुळवा. अँटेनाभोवतीची तारेच्या जाळीची चकती बसवायला विसरू नका, नाहीतर तिथेच ठिणग्या उडतात. अँटेनाचं चिनी मातीसारखं कडं फोडू किंवा घासू नका. काही मॅग्नेट्रॉनमध्ये ते बेरिलियम ऑक्साइडचं असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

इन्व्हर्टर मॉडेल

यंत्र आकाराच्या मानाने हलकं लागत असेल आणि आत जड ट्रान्सफॉर्मरऐवजी बोर्ड दिसत असेल तर ते इन्व्हर्टरचं आहे. इथे वरची आवाजाची कसोटी लागू होत नाही. लगा आणि मॅग्नेट्रॉन वरच्याच रीतीने तपासा, दाराचे स्विचही. ते चांगले निघाले तर बोर्ड अख्खा बदलायचा. त्याचे भाग सुटे करून झाळत बसणं अनुभवी हातांनाही परवडत नाही, आणि त्यावरही घातक व्होल्टेज असतंच.

परत बंद करताना

सगळ्या लगा फोटोशी ताडून घ्या, एकही तार पंख्याला किंवा धारेला टेकत नाही हे बघा, झाकण सगळ्या स्क्रूंनी घट्ट लावा आणि मगच प्लग लावा. झाकणाशिवाय "जरा चालवून बघतो" असं कधीच करू नका. दार वाकलेलं नाही, बिजागरी डुगडुगत नाही आणि दाराच्या कडेची पट्टी फुटलेली नाही हे तपासा. लहरींची गळती पृष्ठभागापासून ५ सेंटीमीटरवर दर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॅटच्या आत असावी लागते. दाराशी किंवा मॅग्नेट्रॉनशी काम केलं असेल तर ती मेकॅनिककडच्या गळतीमापकाने मोजून घ्या. स्वस्त खेळण्यातले मापक यासाठी भरवशाचे नसतात.

शेवटी तीच चाचणी: १ लिटर पाणी, ६२ सेकंद. आलेला आकडा आणि तारीख चिकटपट्टीवर लिहून यंत्राच्या पाठीमागे लावून ठेवा. पुढच्या वेळी कुणी "हल्ली कमी तापतंय" म्हणालं की तुलनेला तो हाताशी असेल.